काटा नसला तरी चालेल, वाटी मात्र एकच हवी

पत्र : मावशी, मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात राहते. उन्हाळ्यात पुण्याला भावाकडे गेले होते. तिथं वहिनीनं घरी केलेला सावरडो, म्हणजे बाजारचं यीस्ट न घालता आंबवलेला ब्रेड खाल्ला, तो मनातून जाईना. घरी येऊन दोनदा स्टार्टर, म्हणजे त्याला लागणारं पीठ-पाण्याचं आंबवण, लावला. दुसऱ्या दिवशी बरणीभर फेस येतो आणि चौथ्या दिवशी सगळं गप्प, वर घाण वास. दोन्ही वेळा टाकून दिला. तिसऱ्यांदा धीर धरून ब्रेड केलाच, तर तो भाकरीसारखा चपटा आणि आतून चिकट झाला. आमच्याकडे वजनकाटा नाही. कृतीत शंभर ग्रॅम पीठ, शंभर ग्रॅम पाणी लिहिलं होतं म्हणून मी एक वाटी पीठ आणि एक वाटी पाणी घेतलं. पौष्टिक म्हणून पीठ खपलीचं घेतलं. लग्नातला लहान ओटीजी, म्हणजे विजेचा ओव्हन आहे, त्यात भाजला. आत्ती म्हणतात, पीठ सांडायचं बंद कर, असलं आंबलेलं खाऊन पोरांची पोटं बिघडतील. काट्याशिवाय हे होतच नाही का? गणपतीत आठ दिवस माहेरी जायचंय, तोवर जमेल का?

उत्तर : होतं गं. काट्याशिवाय अगदी चांगला ब्रेड होतो, मी कितीतरी वर्षं करते आहे. आणि तुझं कुठं बिनसलं ते तुझ्याच पत्रात एका ओळीत आहे: 'एक वाटी पीठ आणि एक वाटी पाणी'.

तुझी आमटीची वाटी घे. त्यात साधारण दीडशे मिली पाणी मावत असेल, म्हणजे दीडशे ग्रॅम. तीच वाटी पिठानं सैल भरली तर त्यात पंचाहत्तर-ऐंशी ग्रॅमच पीठ बसतं. म्हणजे वाटीला वाटी घेतलंस तेव्हा पाणी पिठाच्या जवळजवळ दुप्पट पडलं. इतक्या पातळ पिठात बुडबुडे येतात, पण वर येऊन फुटून जातात. त्यांना धरून ठेवायला पिठात घट्टपणाच नाही, मग ते फुगलेलं दिसणार कुठून? स्टार्टर मेला असं तुला वाटलं. ब्रेड चपटा होण्यातही मोठा हात याच पाण्याचा आहे. तेव्हा 'शंभर ग्रॅम पीठ, शंभर ग्रॅम पाणी' याचं आपल्या वाटीतलं भाषांतर 'दोन वाट्या पीठ, एक वाटी पाणी' असं होतं. एवढं वाक्य फ्रिजच्या दारावर लावून ठेव.

आमचं आजोळ तुमच्याच तालुक्यातलं, भाताचा मुलूख. आजीच्या घरात काटा कधीच नव्हता. चिपटं, मापटं, शेर, पायली. दोन चिपट्यांचं एक मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. तांदूळ उसने दिले-घेतले जायचे ते याच मापांनी, पण त्यातली शिस्त बघण्यासारखी होती. शीग लावून दिलं असेल तर शीग लावूनच परत यायचं, आणि हात फिरवून सपाट दिलं असेल तर सपाट. शेजारच्या घरचं मापटं वेगळं असेल तर आजी म्हणायची, 'त्यांच्याच मापट्यानं घेतलंय, त्यांच्याच मापट्यानं द्यायचं.' ब्रेडला याहून जास्त काही लागत नाही. वाटी एकच ठेवायची आणि ती भरायची रीतही रोज तीच. पीठ आधी चमच्यानं हलवून मोकळं कर, चमच्या-चमच्यानं वाटीत सोड, वाटी आपटू नकोस, दाबू नकोस, आणि सुरीच्या पाठीनं शीग काढून टाक. डब्यात वाटी खुपसून भरलीस तर तेवढ्याच वाटीत पाव हिश्शानं जास्त पीठ बसतं.

एक काम एकदाच कर. किराणा दुकानातून अर्धा किलो मैद्याचं पुडकं आण. दुकानदारानं किंवा कंपनीनं ते काट्यावर तोललेलंच असतं, तो काटा तुला फुकट मिळाला. ते पुडकं तुझ्या वाटीनं, वर सांगितल्या रीतीनं मोज. सहा-साडेसहा वाट्या भरल्या तर तुझी वाटी आणि माझी वाटी सारखीच. मग अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली भरून त्याच वाटीनं मोज. तीन वाट्या भरून वर थोडं उरायला हवं. आकडे वेगळे आले तरी बिघडलं नाही. पुढची सगळी मापं वाटीचीच आहेत, ती आपोआप लहान-मोठी होतील. फक्त मीठ तेवढं तुझं तू कमी-जास्त करायचं. आलेले आकडे पिठाच्या डब्याच्या झाकणाला आतून चिकटवून ठेव.

आता तो चौथा दिवस. दोन स्टार्टर तू टाकून दिलेस ते वाचून मला फार वाईट वाटलं, कारण दोन्ही वेळा तू दाराशी पोचली होतीस. दुसऱ्या दिवशी जो फेस येतो तो यीस्टचा नसतोच. पिठात असलेले काही जिवाणू सुरुवातीला भराभर वाढतात आणि वायू सोडतात, वास येतो तो त्यांचाच. हळूहळू मिश्रणाला आंबटपणा चढला की त्यांना ते सोसत नाही, ते थंडावतात. बरणी गप्प दिसते ती त्यामुळे. त्याच आंबटपणात आपल्याला हवे असलेले आंबट जिवाणू आणि रानटी यीस्ट तग धरतात, पण त्यांना वाढायला वेळ लागतो. उन्हाळ्यात सहा-सात दिवसांत काम होतं. तुमच्याकडच्या पावसात, घरात ओल आणि गारठा असताना, दहा-बारा दिवसही लागतात. त्या मधल्या गप्प दिवसांत फक्त खाऊ घालत राहायचं.

खाऊही फार नको. पोह्याचा चमचा घे. पहिल्या दिवशी दोन सपाट चमचे गिरणीवरून दळून आणलेलं गव्हाचं पीठ, एक चमचा पाणी. मैद्यानं सुरुवात करू नकोस. यीस्ट आणि जिवाणू कोंड्याबरोबर जास्त येतात. ते मिश्रण भजीच्या पिठासारखं ओघळणारं नको, थालीपीठ थापण्याआधी असतं तसं ओलं आणि जड हवं. गिरणीचं पीठ पाणी जास्त पितं, त्यामुळे फार कोरडं वाटलं तर थोडे थेंब वाढव. तिसऱ्या दिवसापासून रोज एकच चमचा जुनं ठेवायचं, त्यात दोन चमचे पीठ, एक चमचा पाणी. विहिरीचं पाणी असेल तर उकळून गार केलेलं वापर. नळाचं असेल तर रात्रभर उघड्या भांड्यात ठेव, म्हणजे क्लोरीन उडून जातं. बरणी काचेची आणि सरळ उभी असलेली घे, पिठाच्या पातळीला बाहेरून रबर लाव, म्हणजे किती चढलं ते डोळ्यांना दिसतं. झाकण घट्ट लावू नकोस. गारठ्यात बरणी ओट्यावर न ठेवता चुलीच्या किंवा बंबाच्या खोलीत ठेव, किंवा ओटीजीमध्ये नुसती बंद करून ठेव. ओटीजी चालू करण्याआधी मात्र आत बरणी आहे हे आठवायला हवं, दारावर कागद चिकटव.

वर काळपट पाणी आलं तर घाबरू नकोस, ते उपाशी राहिल्याचं चिन्ह. ओतून टाक आणि खाऊ घाल. गुलाबी किंवा नारिंगी रेघ दिसली, केसाळ बुरशी दिसली, तर मात्र सगळं टाकून बरणी उकळत्या पाण्यानं धुऊन नव्यानं सुरुवात. त्यात तडजोड नाही. खाऊ घातल्यावर सहा-आठ तासांत पीठ रबराच्या दुप्पट चढायला लागलं, सलग दोन-तीन दिवस चढलं, आणि वास ताकासारखा किंवा पिकल्या फळासारखा आला, की आंबवण तयार झालं समज. वाटीभर पाण्यात चमचाभर सोडून बघ, तरंगायला हवं.

पिठाचं. खपलीवर माझा जीव आहे. आपल्या जिल्ह्यात तो गहू पिकतो, त्याच्या खिरीला दुसऱ्या गव्हाची चव येत नाही. पण खपलीच्या पिठाला ताण नाही. ब्रेड वर चढायचा तर पीठ रबरासारखं ताणलं जाऊन वायू धरून ठेवायला हवं. बेळगावचे मांडे करताना बघितलेस ना? भिजवून, तिंबून मऊ केलेली कणीक हातांवर धोतरासारखी पसरत जाते, फाटत नाही, आणि मग उपड्या तापलेल्या मडक्यावर पडते. ब्रेडला हवा तो ताण नेमका हाच. तेव्हा पहिले चार-पाच ब्रेड मैदा आणि लोकवनच्या पिठाचे कर. हात बसला की सहातली एक वाटी खपलीची घाल, चवीला सुंदर लागते. नुसत्या खपलीचा उंच ब्रेड कुणी दाखवला तरी तू त्याच्या मागे लागू नकोस. नाचणी-जोंधळ्याला तर हा ताण मुळीच नाही, तेही एखाद्या वाटीपुरतंच.

ब्रेड करायचा त्याच्या आदल्या रात्री तीन चमचे आंबवण, सहा चमचे पीठ, तीन चमचे पाणी कालवून ठेव. सकाळी ते फुगलेलं असेल. ते कणकेत घालायच्या आधी अर्धा तास चार वाट्या मैदा, दोन वाट्या गव्हाचं पीठ आणि दोन वाट्या पाणी नुसतं एकत्र करून झाकून ठेव. पाव वाटी पाणी बाजूला असू दे. पावसात पीठच दमट असतं, तेव्हा ते लागेलच असं नाही. मग फुगलेल्या आंबवणातलं एक वाटी घाल. इथं एक बारीक गोष्ट: आंबवण ढवळू नकोस, फुगलेलं तसंच अलगद उचल. ढवळलंस की हवा निघून जाते आणि त्याच वाटीत जवळजवळ दुप्पट माल बसतो. मीठ चहाचे दोन सपाट चमचे. बरणीत उरलेलं आंबवण पुढच्या वेळेसाठी.

कणीक किती सैल हवी हे मला लिहून सांगता येईल, पण तुझ्या हाताला ते आधीच ठाऊक आहे. पोळीच्या कणकेपेक्षा बरीच सैल, पुरणपोळीसाठी तेलपाण्यात तिंबून ठेवतो त्या कणकेच्या जवळ. परातीत पसरून वाहायला लागली तर पाणी जास्त झालं, मूठभर मैदा घाल. बोट लावल्यावर चिकटते पण ओढली की सुटून येते, तिथं थांब. काट्यावर वजन करून घेतलेलं पाणीसुद्धा प्रत्येक गिरणीच्या पिठाला बरोबर बसतं असं नाही; काटा असणाऱ्या बायकांनाही शेवटी इथं हातच बघावा लागतो. या कामात आत्तींना बोलव. त्यांनी आजवर किती पुरणपोळ्या लाटल्या असतील? कणीक झाली की नाही हे त्या परातीत एकदा हात घालून सांगतील, तुला-मला जमणार नाही इतकं अचूक.

मळायची फार गरज नाही. दर अर्ध्या तासानं ओल्या हातानं कणकेची एक बाजू वर ओढायची आणि मध्ये दुमडायची, अशा चारी बाजू. चार वेळा केलंस की कणीक गुळगुळीत आणि ताठ होते. पहिल्या घडीनंतर सुपारीएवढा गोळा तोडून सरळ काचेच्या लहान ग्लासात दाबून ठेव आणि पातळीला रबर लाव. परातीतली कणीक किती चढली हे कळत नाही, ग्लासातली कळते. ती मूळच्या दीडपट झाली की थांबायचं. मे महिन्यात हे चार-पाच तासांत होतं, या दिवसांत सात-आठ तास, क्वचित जास्त. घड्याळ बाजूला ठेव आणि ग्लास बघ.

मग पिठी भुरभुरून गोळा वळ, कातडी ताणलेली राहील असा. चाळणीत किंवा बुट्टीत पंचा घालून त्यावर तांदळाची पिठी चोळ. तांदळाच्या पिठीला कणीक चिकटत नाही, आणि तुमच्या घरी ती कधी संपत नसेलच. गोळा उपडा ठेवून रात्रभर फ्रिजमध्ये.

भाजताना ओटीजी सगळ्यात वरच्या आचेवर, आत बिडाचा तवा ठेवून अर्धा तास तापू दे. बीड उष्णता धरून ठेवतं. बेळगावच्या उद्यमबागेतल्या फौंड्रीत काम करणारं कुणी घरात असेल तर त्याला विचार. गोळा तव्यावर सोड, धारदार ब्लेडनं वर एक खोल चीर दे आणि मांड्याच्या मडक्यासारखं एक स्टीलचं पातेलं त्याच्यावर उपडं घाल. पातेल्याला प्लॅस्टिकचा कान नको, आणि ते तुझ्या ओटीजीत मावतं का हे ओव्हन गार असतानाच बघून ठेव. कणकेतलीच वाफ आत कोंडते, वरची साल लवकर कडक होत नाही, त्यामुळे ब्रेडला वर चढायला सवड मिळते. तुझा ब्रेड बसका झाला त्यात ही वाफ नसण्याचाही वाटा असणार. पंचवीस मिनिटांनी पातेलं काढ, आच २१० वर आण आणि आणखी वीस-पंचवीस मिनिटं भाज. रंग चांगला गडद तपकिरी होऊ दे, भिऊ नकोस. तळाला बोटानं टकटक केलं की पोकळ आवाज यायला हवा.

खानापुरात तुला आणखी एक सोय आहे. तुमच्या गावची माती नावाजलेली, कुंभारकाम शिकवणारी केंद्रीय संस्था तिथंच आहे. पसरट मडकं आणि त्याला बसणारं झाकण मिळालं तर स्टीलच्या पातेल्याऐवजी ते वापर. फक्त मातीचं भांडं तापल्या ओव्हनमध्ये एकदम घालू नकोस, तडकेल. गार ओव्हनमध्येच ठेवून तिथून तापवत ने, आणि दहा-पंधरा मिनिटं जास्त धर.

आतून चिकट राहायचं आणखी एक कारण म्हणजे घाई. गरम ब्रेड कापला की आतला मऊ भाग सुरीला गोळा होऊन येतो. निदान दोन तास जाळीवर गार होऊ दे. पोरं भोवती घोटाळणार, तेव्हा संध्याकाळी भाज आणि रात्री जेवताना काप.

पावसात ऐनवेळी वीज गेली तर? गोळा फ्रिजमध्येच राहू दे, दार उघडू नकोस, काही तास काही होत नाही. वीज येणारच नाही असं दिसलं तर त्याच कणकेच्या जाड रोट्या थाप आणि बिडाच्या तव्यावर झाकण ठेवून मंद आचेवर दोन्ही बाजूंनी भाज. लसणाच्या चटणीबरोबर फार छान लागतात. मला तर एखाद्या वेळी ब्रेडपेक्षा त्याच आवडतात.

आत्तींचं म्हणणं मनावर घे, कारण त्यांचं अर्धं बरोबर आहे. पहिल्या आठवड्यातलं काढून टाकायचं पीठ खाऊ नये, तेव्हा त्यात अजून नको असलेलेही जिवाणू असतात. ते माडाच्या आळ्यात टाक. चमच्याच्या मापानं केलंस तर ते रोज दोन-अडीच चमच्यांहून जास्त नसतं. आंबवण एकदा पक्कं झालं की मात्र काढलेलं पीठ वाया घालवायचं नाही. वाटीत साठवून फ्रिजमध्ये ठेव, दोन-तीन दिवसांनी त्यात थोडं तांदळाचं पीठ, कांदा, मिरची, कोथिंबीर घालून धिरडी कर. पहिलं धिरडं त्यांना वाढ. आंबील, आंबोळी, इडली त्यांनी आयुष्यभर खाल्ली-घातली आहे. गोव्यात पाव पूर्वी माडाच्या सुरेनं आंबवायचे, तोही त्याच जातीचा. पोट बिघडण्याची भीती आहे ती घाण वास येणाऱ्या बरणीची, आणि तो वास त्यांना आला तेव्हा त्या बोलल्या, हे बरंच झालं.

गणपतीआधी जमेल. आज लावलंस तर बारा-पंधरा दिवसांत आंबवण पक्कं होईल, मग एक-दोन ब्रेड होतील. माहेरी जायच्या दिवशी बरणीला खाऊ घाल, तासभर बाहेर ठेव आणि फ्रिजमध्ये टाकून जा. आठ दिवस ते मजेत राहतं. परत आलीस की दोन वेळा खाऊ घातल्यावर पुन्हा चढायला लागेल. शिवाय निघण्याआधी चमचाभर आंबवण प्लॅस्टिकच्या कागदावर अगदी पातळ फासून पंख्याखाली वाळव. या हवेत दोन-तीन दिवस लागतील, कडकडीत होऊ दे. चुरून पुडी बांध. बंद डबीत ती कित्येक महिने टिकते, आणि पाण्यात भिजवून दोन-चार वेळा पीठ दिलं की पुन्हा जागी होते. एक पुडी घरी ठेव, एक माहेरी ने. तिथं आईची वाटी वेगळी असेल, तेव्हा अर्धा किलोचं पुडकं तिथंही एकदा मोजून घे.

— मावशी